हाकेच्या अंतरावर

"तिळगुळाचा डबा?"

मी देवाच्या ताम्हनात चपला ठेवायला सांगितल्या असाव्यात, अशा सुरात आप्पांनी विचारले.

"स्टीलचा आहे," मी म्हणाले. "लाडू माझ्या शालीत बांधू. डबा नंतर धुता येईल."

"मनूचं नाव आहे त्याच्यावर."

"नाव झाकणावर आहे, आप्पा. झाकण बाजूला ठेवू."

आप्पांनी हातमोजे घातलेल्या हातांनी डबा मांडीवर आणखी जवळ ओढला आणि ते गाडीच्या खिडकीकडे पाहू लागले. खिडकीत पाहण्यासारखे काही नव्हते. आतून आमच्याच श्वासाचा बर्फ काचेवर धरला होता आणि बाहेरून वाऱ्याने त्यावर दुसरा थर चढवला होता. दुपार होती, पण उजेडाला दिशा नव्हती. तो सगळीकडून सारखाच येत होता, दूध घातलेल्या पाण्यासारखा.

आप्पा म्हणजे माझे सासरे, गोपाळ हसबनीस. इस्लामपूरच्या कोर्टात नाझर होते. सासूबाई, म्हणजे त्यांची मनू, गेल्या त्याच्या पुढच्या हिवाळ्यात शशांकने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना आमच्याकडे आणले. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीजवळ, ग्रँड फोर्क्स नावाच्या गावी आम्ही राहत होतो. मी तिथल्या विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. हिवाळ्यात वडिलांना तिथे आणणे हा शहाणपणा नव्हता, हे मी शशांकला आकडे देऊन सांगितले होते. तो म्हणाला, "घरात एकटे बसून राहतात गं. थंडीचं काय, कपडे घालतील."

त्यांनी कपडे घातले. माकडटोपी, तिच्यावर मफलर, शशांकचा जुना कोट. तेवढे घालून ते रोज सकाळी, मी उठून आंघोळीला निघाले की, घराच्या मागच्या ओसरीवर जाऊन उभे राहत. आमच्या भाड्याच्या घरात एकच न्हाणीघर होते आणि ते स्वयंपाकघराला लागून होते. बाहेर उणे पंचवीस असो की उणे तीस, आप्पांचा नेम चुकत नसे. मी त्यांना वाऱ्याने थंडीचा परिणाम किती वाढतो, कान किती वेळात गोठतात, हे सगळे समजावून सांगितले. ते शांतपणे ऐकत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर जात. "सवय आहे," एवढेच म्हणत. माझे आवरले की मी आधण ठेवत असे आणि दाराच्या फटीतून हाक मारत असे, "आप्पा, चहा झाला!" मग ते आत येत, चष्म्यावरचे धुके पुसत. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, अशी मी त्याची नोंद मनात केली होती.

त्या शनिवारी फार्गोला मराठी कुटुंबांचा संक्रांतीचा मेळावा होता. मेळाव्यांत मला रस नव्हता. आप्पांना होता. लाडू त्यांनी स्वतः वळले होते, पाक दोनदा बिघडवून. शशांक हॉल मांडायला सकाळीच पुढे गेला होता. वादळाचा अंदाज संध्याकाळचा होता, आकाश निळे होते, आणि दीड तासाच्या रस्त्याला मी पुरेसा वेळ राखून निघाले होते. माझ्या निर्णयात त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीच्या विरुद्ध काही नव्हते.

वादळ लवकर आले. तिथले वादळ म्हणजे आभाळातून बर्फ पडणे नव्हे. तो प्रदेश तव्यासारखा सपाट आहे. उत्तरेकडून निघालेल्या वाऱ्याला अडवायला टेकडी नाही, झाड नाही. तो जमिनीवर आधीच पडलेला बर्फ उचलतो आणि आडवा घेऊन धावतो. आधी रस्त्यावरून पांढऱ्या दोऱ्या सरपटू लागल्या. मग पुढच्या मालमोटारीचे दिवे गेले. मग माझ्याच गाडीचे नाक दिसेनासे झाले. मी वेग कमी केला, उजवीकडे घेतले, आणि गाडी कडेच्या बर्फात पोटापर्यंत रुतून बसली.

"आता?" आप्पांनी विचारले.

"आता गाडी सोडायची नाही. एवढा एकच नियम. माणसं मरतात ती गाडीतून उतरून चालायला लागतात म्हणून. गाडी सापडते, माणूस सापडत नाही."

"शोधायला येतील?"

"येतील. वारा थोडा पडला की."

धुराची नळी मोकळी आहे की नाही ते मी सुरुवातीलाच गाडीला धरून धरून जाऊन पाहिले होते. इंजिन मी थोडा वेळ चालू आणि बराच वेळ बंद असे ठेवत होते, पेट्रोल पुरावे म्हणून. मोबाईल त्या काळी आमच्यापैकी कुणाकडे नव्हता. मागच्या सीटवर एक घोंगडी, माझी शाल आणि साड्यांची पिशवी होती. त्या हवेत साडी नेसून कुणी घराबाहेर पडत नसे. मेळाव्याच्या जागी जाऊन नेसायची. पिशवीत माझी एक रेशमी साडी होती आणि सासूबाईंची काळी चंद्रकळा. ती आप्पांनी इस्लामपुराहून माझ्यासाठी आणली होती. "संक्रांतीला नेस," म्हणाले होते.

दुपार सरत चालली तसे आप्पा अस्वस्थ दिसू लागले. कूस बदलत, माझ्याकडे एकदा पाहत, पुन्हा खिडकीकडे. मी काय ते ओळखले, आणि म्हणूनच डब्याचा विषय काढला. नकार आल्यावर मी शास्त्राकडे वळले.

"आप्पा, यात संकोचाचं काही नाही. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त आत लोटलं जातं. शरीराला वाटतं, पाणी जास्त झालं. मग मूत्रपिंडं ते बाहेर टाकायला लागतात. थंडीत सगळ्यांनाच होतं हे."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच. लाज ही काही शरीराची गरज नाही. ती शिकवलेली असते."

"कुणी शिकवलेली?"

"समाजानं."

"मग बरं शिकवलंय की," आप्पा म्हणाले. "मला नाही जायचं. तू ठीक आहेस ना?"

"मी अगदी ठीक आहे."

मी पायावर पाय घट्ट चढवून बसले होते. त्याने ऊब टिकते.

वारा गाडीला मधूनमधून धक्के देत होता, कुणीतरी खांद्याने दार ढकलावे तसे. आप्पांनी मला कोर्टातली एक गोष्ट सांगायला घेतली. जप्तीत आणलेली एक म्हैस कोर्टाच्या आवारातच व्याली आणि रेडकू कुणाचे यावर नवा दावा उभा राहिला. एरवी मी हसले असते. गोष्ट अर्ध्यावर असताना त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते थांबले.

"मी जरा बाहेर उभा राहतो," ते म्हणाले.

"बाहेर? आत्ता काय सांगितलं मी?"

"गाडी सोडत नाही गं. इथंच, मागच्या अंगाला. गाडीला धरून."

"आप्पा, डबा आहे ना..."

"डबा राहू दे तुझ्याजवळ." त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला, माकडटोपी कानांवर ओढली, मफलरची गाठ मारली. दार उघडायला त्यांना दोन्ही हात लावावे लागले. मूठभर बर्फ आत आला, दार आपटले, आणि ते दिसेनासे झाले.

मी त्यांना अडवले नाही. पुढची काही मिनिटे मी गाडीत एकटी होते. त्या मिनिटांविषयी योग्य जागी लिहीन.

ते लवकर परत येणार नाहीत, हे मी गृहीत धरले होते. त्यांच्या वयात ही क्रिया सावकाश होते. त्यासाठी मी वेळेची सूट दिली. ती संपल्यावर आणखी थोडी दिली. मग हॉर्न वाजवला. वाऱ्यापुढे तो आवाज मला स्वतःलाही परका वाटला. पुन्हा वाजवला, दाबून धरला. काच थोडी खाली करून ओरडले, "आप्पा!" तोंडात बर्फ गेला.

दोन्ही साड्यांचे पदर मी एकमेकांना गाठले. एक टोक स्टिअरिंगला बांधले, दुसरे कमरेला. हातमोज्यांनी रेशमाची गाठ बसत नव्हती, म्हणून हातमोजे काढले, आणि ते पुन्हा घालेपर्यंत बोटे माझी राहिली नाहीत. बाहेर पडल्यावर पहिल्या क्षणी श्वासच घेता येईना. वारा नाकातोंडात कोंबला जात होता. डोळे उघडे ठेवले तर पापण्या चिकटत. मी गाडीच्या अंगावर हात ठेवून मागे गेले. मागच्या दिव्याजवळ कुणी नव्हते.

साडीचा ताण सांभाळत मी पुढे सरकले. पहिली साडी संपली. चंद्रकळेचा निम्मा भाग अजून माझ्या दंडाभोवती गुंडाळलेला होता, तेव्हा माझा हात एका कोटाला लागला.

आप्पा उभे होते. गाडीकडे पाठ करून, दोन्ही हात काखेत घालून, तोंड सरळ वाऱ्याकडे. भुवयांवर, मिशीवर, माकडटोपीच्या कडेवर बर्फाचे थर होते. मी त्यांना वळवले तेव्हा ते खांबासारखे वळले.

"आप्पा! परत का नाही आलात?"

त्यांचे ओठ हलले. "हाक..." एवढेच मला ऐकू आले. मी समजले ते असे, की त्यांनी हाका मारल्या आणि मला ऐकू गेल्या नाहीत.

त्यांना परत आणायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. साडीने आणले, एवढे खरे. गाडीत घेतल्यावर मी इंजिन चालू केले आणि पाहिले, तर त्यांची पँट मांडीपासून खाली ओली होऊन गोठली होती. पत्र्यासारखी वाजत होती. ते थरथरतही नव्हते. थरथर थांबणे ही वाईट खूण असते.

"कपडे काढायचे आहेत," मी म्हणाले.

"नको."

"ओले आहेत. अंगावर राहिले तर तुम्ही मराल."

"हात लावू नकोस, मृणाल." त्यांचा आवाज कोर्टातला होता, जीभ मात्र जड झाली होती. "शशांकला येऊ दे."

"शशांक येईपर्यंत तुम्ही असणार नाही."

"मग नसेन."

मी पुढे ऐकले नाही. वर्गात प्रेतावर काम करताना ज्या हातांनी मी काम करीत असे, त्याच हातांनी मी कामाला लागले. पट्टा, बटणे, बूट, मोजे. त्यांनी एकदा माझे मनगट धरले. त्या पकडीत जोर नव्हता. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. लहान मूल मिटते तसे, घट्ट. मी त्यांना कोरडे केले, बाहेरून ओढून आणलेल्या साड्या झटकून त्यांच्या पायांभोवती गुंडाळल्या, वरून घोंगडी घेतली, कोट उघडून त्यांना छातीशी धरले आणि त्यांचे दोन्ही तळवे माझ्या स्वेटरच्या आत, पोटाला लावून ठेवले. असे आम्ही बसलो. एकमेकांना कधी नमस्कारापलीकडे स्पर्श न केलेली दोन माणसे.

बऱ्याच वेळाने ते पुन्हा थरथरू लागले. मी सुटकेचा श्वास सोडला. त्यांच्या मिटल्या पापण्यांमधून पाणी येत होते. डोळ्यांतला बर्फ वितळतो आहे, अशी मी समजूत करून घेतली.

अंधार पडता पडता पिवळा दिवा फिरताना दिसला. बर्फ लोटणाऱ्या गाडीबरोबर एक पोलीस होता, दारात मावणार नाही एवढा रुंद. त्याने आप्पांना साड्यांसकट उचलले. जवळच्या खेड्यातल्या अग्निशामक दलाच्या ठाण्यात आमच्यासारखीच अडकलेली दहा-पंधरा माणसे शेकोटीशी बसावीत तशी एका हीटरभोवती बसली होती. आप्पांना कुणाची तरी विजार मिळाली, गरम कोको मिळाला. थोडा जीव आल्यावर त्यांनी माझी शाल मागून घेतली, तिची गाठ सोडली, आणि त्या अनोळखी माणसांना एकेक लाडू वाटायला सुरुवात केली. "तिळगूळ घ्या," ते मराठीतच म्हणत होते. रुंद पोलिसाने दोन खाल्ले. मला देताना आप्पांनी हात पुढे केला, पण वर पाहिले नाही.

रस्ता उघडल्यावर शशांक आला. वडिलांच्या गळ्यात पडला, माझ्या गळ्यात पडला, मग काय घडले ते विचारू लागला.

"धुराची नळी बुजत चालली होती," आप्पा म्हणाले. "ती बुजली तर गाडीत विष होतं म्हणे. म्हणून मी उतरलो. डब्यानं बर्फ उपसला. तेवढ्यात वाऱ्यानं डबा हिसकून नेला. त्याच्या मागं चार पावलं गेलो आणि चुकलो."

"आईचा डबा?"

"गेला."

शशांकने माझ्याकडे पाहिले. "खरं?"

"हो," मी म्हणाले. "त्यांनी नळी साफ केली."

मी अचूकतेसाठी ओळखली जाणारी बाई आहे. तरीही ते असत्य मी सहज उचलून धरले, कारण ते कशासाठी रचले आहे हे मला समजले आहे, असे मला वाटत होते. एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू झाकायला एक नळी पुरत असेल, तर माझी हरकत नव्हती.

त्यानंतर घरात आप्पा माझ्याशी हो-नाहीपुरते बोलत. ओसरीवर उभे राहणे डॉक्टरांनी बंद केले. मग मी आंघोळीला निघाले की ते पुढच्या खोलीत जाऊन टीव्ही मोठ्या आवाजात लावत. माझी नजर त्यांनी टाळली आणि मी त्यांची. मार्चचे परतीचे तिकीट त्यांनी बदलून फेब्रुवारीचे करून घेतले. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांचा हात माझ्या डोक्यावर टेकला नाही. केसांच्या जरा वर थांबला आणि मागे गेला.

शशांकने नळीची गोष्ट भारतातल्या सगळ्या नातेवाइकांना सांगितली. मी दुसरी सांगत असे, माझ्या विद्यार्थ्यांना. थंडीत लघवी का वाढते हा धडा आला, की मी एक उदाहरण देई: वयस्क पुरुष, सुशिक्षित, गाडीत सुरक्षित, जवळ भांडे उपलब्ध, सोबत घरातली स्त्री. केवळ संकोचापायी तो वादळात उतरतो. "लाज हासुद्धा जोखमीचा घटक धरा," मी म्हणत असे. मुले हसत. मी बरीच वर्षे ते उदाहरण दिले.

मग आप्पा इस्लामपूरच्या घरात पडले आणि त्यांचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया सांगलीला झाली. आम्ही पोचलो तेव्हा खोलीबाहेर शशांकची थोरली बहीण, उषाताई, डोळ्यांना पदर लावून उभी होती.

"लघवी होत नाहीये," ती म्हणाली. "सकाळपासून. डॉक्टर म्हणतात नळी घालावी लागेल. आप्पा हात लावू देत नाहीत. वॉर्डमधल्या मामाला हाकलून दिलं. मावशी आली तर तिच्यावर ओरडले. शशांक, तू बघ जरा."

शशांक आत गेला आणि लगेच बाहेर आला. त्याचा चेहरा पडला होता. "तुला बोलावतायत," तो मला म्हणाला.

"मला?"

"म्हणाले, मृणालला पाठव. बाकी कुणी नको."

आत मोसंबी आणि फिनेल यांचा वास होता. आप्पा फार लहान दिसत होते. मावशी कोपऱ्यात ठाण मांडून होती. आप्पांनी तिला डोळ्यांनी दार दाखवले. ती पुटपुटत गेली, "आजोबा, आम्ही काय नवं बघतोय व्हय?"

मी पलंगाजवळ स्टूल ओढले. माझी कल्पना अशी, की त्या वादळात मी एकदा पाहिलेले असल्यामुळे आता त्यांना माझ्यापुढे लपवण्यासारखे काही उरले नाही. मी बाही वर केली.

"बस आधी," आप्पा म्हणाले. "तुला एक विचारायचं होतं. केव्हापासून विचारायचं होतं. डबा कुठं टाकलास?"

मी वर केलेली बाही पुन्हा खाली ओढली.

त्या मिनिटांविषयी आता लिहिते. आप्पांनी दार लावले, त्याच क्षणी मी लाडू शालीत ओतले. दोन तास मी जे रोखून धरले होते ते आणखी क्षणभरही धरवत नव्हते. लाज शिकवलेली असते, असे ज्या माणसाला मी सांगितले होते, त्याच माणसासमोर मला ते जमले नसते. मेले असते तरी जमले नसते. मग वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची काच उघडून मी सासूबाईंचा डबा, झाकणासकट, बाहेर फेकला. तो धुता आला असता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"लाडू शालीत. डबा नाही. मी कोर्टात आयुष्य घालवलं, मृणाल."

"म्हणून तुम्ही शशांकला ती नळीची..."

"तो तुला विचारणार होता ना, आईचा डबा कुठाय म्हणून." त्यांनी दम घेतला. "किती आवळून बसली होतीस! मी म्हशीची गोष्ट सांगत होतो तर तुझं लक्षच नव्हतं. म्हटलं, मी इथं आहे तोवर ही पोर काही करायची नाही. आणि तोंडानं कसं विचारायचं?"

"तुम्हाला स्वतःला जायचं नव्हतं?"

"होतं की. पण माझं काय, मी तोंड फिरवून डब्यातसुद्धा... मनूनं माफ केलं असतं. तुझी पंचाईत होती."

वाऱ्याकडे तोंड करून कोणताही पुरुष लघवीला उभा राहत नाही. हे समजायला शरीरक्रियाशास्त्र लागत नाही. ते वाऱ्याकडे तोंड करून उभे होते, कारण गाडी त्यांच्या पाठीशी होती, आणि गाडीत मी होते.

"पण मग परत का आला नाहीत?"

"हाक मारली नाहीस तू."

"मी?"

"इस्लामपूरच्या क्वार्टरात दोनच खोल्या. मोरी स्वयंपाकघरात, पडदा लावलेली. मनू, शिवाय माझी बहीण, तीन मुली. रोज सकाळी मी आपला बाहेर. पाऊस असला तर छत्री घेऊन. सगळ्यांचं झालं की मनू आतनं हाक मारायची, चहा झाला म्हणून. चहा नसला तरी तेच. तुझ्याकडं आलो तर तूही तेच ओरडायचीस. मला वाटलं, तुला कुणीतरी सांगितलं असेल." ते किंचित हसले. "त्या दिवशी गाडीपासून थोडं लांब जाऊन, पाठ करून उभा राहिलो. म्हटलं, मारेल आता हाक. मध्येच कसं यायचं? मग पाय कळेनात. तू हॉर्न वाजवलास तो ऐकला मी. तोवर वळताच येईना."

"गाडीत चहा कुठं होता, आप्पा," मी म्हणाले.

"तेच तर."

"मला वाटायचं, तुम्हाला माझा राग आलाय. तुमचे कपडे काढले म्हणून."

"राग कसला. तुझ्या तोंडाकडं बघवेना. तू मला उघडं पाहिलंस म्हणून नव्हे गं. तुला वाटायचं ना की मला काही माहीत नाही? मला माहीत आहे हे तुझ्या लक्षात येईल, या भीतीनं बघत नव्हतो."

मी त्यांच्या पायांकडे पाहत राहिले. पांढऱ्या चादरीखाली ते दोन लहान उंचवटे होते. वर्गात हसणारी मुले मला आठवली. वीस वर्षांची मुले. त्यांचा काही दोष नव्हता.

"मी काय करू आता?" मी विचारले. "पॉट धरू?"

"छे! भलतंच काय." त्यांनी पलंगाखाली हात नेऊन प्लास्टिकचे भांडे चाचपले, ते त्यांच्या हाताला लागेलसे मी पुढे सरकवले. "ह्या लोकांना सांगून कळत नाही. सगळे डोक्यावर उभे राहतात आणि म्हणतात, करा. तुला कळेल म्हणून बोलावलं. तू बाहेर उभी राहा. कुणाला आत सोडू नकोस."

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतले. उषाताई पुढे झाली, मी तिला थांबवले. मावशी बादली घेऊन आली, तिलाही. तरुण डॉक्टर हातात नळीचे पाकीट घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, मला उशीर होतोय." मी त्याला इंग्रजीत मूत्राशयाच्या झडपेवर भीतीचा काय परिणाम होतो ते सांगितले असते. सांगितले नाही. "थांबा," एवढेच म्हणाले.

मी दाराकडे पाठ करून उभी राहिले. समोरच्या खिडकीतून सांगलीचे ऊन सरळ तोंडावर येत होते. मी बाजूला सरकले नाही.

"किती वेळ?" शशांकने विचारले.

"ते हाक मारतील."

"आणि नाही मारली तर?"

आतून काहीच आवाज येत नव्हता. डॉक्टरने घड्याळाकडे पाहिले. मी वळून पाहिले नाही.

मग दारापलीकडून, बारीक पण अगदी स्पष्ट, आवाज आला.

"मृणाल, चहा झाला!"

"चहा?" शशांक म्हणाला. "कुठला चहा?"

मी दार लोटून आत गेले.